काचेतला मासा आणि व्हाळातला मासा

गोव्याच्या माणसाला मासळीचे कौतुक वेगळे सांगायला नको! बाजारात शिरल्याबरोबर कल्ला उचलून बांगड्याचा ताजेपणा ओळखणारी नजर इथे वारशानेच मिळते. तारले, मुडदुशी, शेवटो, काळुंदर, तांबसो, सुंगटे… शाळेची पायरी न चढलेली आजीदेखील ही नावे आणि त्यांची चव घडाघडा सांगते. मासळी महागली की इथले राजकारण तापते, आणि शेवटोला तर आपल्या सरकारने राज्यमाशाचा मान दिला आहे. असे असूनही एक गोष्ट मान्य करावीच लागेल. ताटातला मासा ज्याला इतका कळतो, त्या गोमंतकीयाला जिवंत मासा मात्र फारसा कळत नाही. त्यातही गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, ज्याचे कालवण होत नाही असा मासा तर आपल्या हिशेबातच नसतो.

आणि तरीही तोच बोटभर मासा आज आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या बाजूला, डॉक्टरच्या प्रतीक्षाकक्षात, हॉटेलच्या काउंटरवर काचेची टाकी दिसते. निळ्या दिव्याखाली, प्लास्टिकच्या झाडांमधून आणि बुडबुडे सोडणाऱ्या शिंपल्याभोवती लाल, निळे, सोनेरी मासे फिरत असतात. ही टाकी तिथे का आली, असे विचारले तर उत्तरे ठरलेली. कुणाला वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलेले असते. मुलाच्या वाढदिवसाला कुणीतरी काचेचा गोल वाडगा आणि त्यात दोन गोल्डफिश भेट दिलेले असतात. जत्रेच्या फेरीत प्लास्टिकच्या पिशवीत मासा दिसला आणि मुलाने हट्ट धरला, असेही होते. पण 'मला मासा बघायचा होता, तो कसा जगतो ते पाहायचे होते' असे उत्तर देणारा क्वचितच भेटतो!

माझा आक्षेप मासे पाळण्याला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट, घरात मूल असेल तर एक चांगली टाकी अवश्य असावी अशा मताचा मी आहे. आक्षेप आहे तो आपण मासा ज्या वृत्तीने पाळतो तिला. आपण मासा फुलदाणीतल्या फुलासारखा आणतो. कोमेजला की फेकायचा आणि दुसरा आणायचा. त्यातच 'मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले' असे समजुतीचे एक गोंडस पांघरूण आपल्याकडे तयारच आहे. म्हणजे त्याला आपण मारले हा हिशेबच नको! मासा कशाने मेला याचा शोध घेतला, तर बहुतेक वेळा उत्तर संकटात नव्हे, पाण्यात सापडते.

पाण्याचीच गोष्ट आधी करू. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि त्याने न खाल्लेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. व्हाळात तो वाहून जातो, विरून जातो. टाकीत तो तिथेच साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. निसर्गाने यावर तोड काढून ठेवली आहे. एका जातीचे सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे फारच कमी घातक असते आणि पाणवनस्पती ते खत म्हणून वापरतात. हे जिवाणू काचेवर, वाळूवर, आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात. मात्र त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागते तसाच हा प्रकार! जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज नव्या टाकीत पिळला तर काम लवकर होते, तेही विरजणासारखेच.

आता आपल्याकडे काय होते पाहा. दुपारी टाकी आणली, संध्याकाळी नळाचे पाणी भरले आणि रात्री त्यात बारा मासे सोडले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माणसासाठी जंतुनाशक, पण माशाच्या कल्ल्यांना आणि त्या उपयुक्त जिवाणूंनाही मारक. मुले कौतुकाने मूठभर खाद्य टाकतात. पहिल्या आठवड्यात दोन मासे जातात, दुसऱ्यात पाच. मग घरातली गृहिणी वैतागून सगळी टाकी उपसते, वाळू साबणाने धुते, फिल्टर नळाखाली धरून लख्ख करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! म्हणजे थोडेफार जिवाणू जे बसले होते तेही गेले. आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेनेच मासे मरतात, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. दुकानदार ते सांगत नाही, कारण मासा मेला की गिऱ्हाईक परत येते.

वास्तविक हे सारे इतके सोपे आहे! दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी टाकी घेतली तर तिच्यात सुमारे पंचावन्न लिटर पाणी मावते. तिच्यात थोडी खरी झाडे लावावीत, साधा स्पंज फिल्टर बसवावा, महिनाभर धीर धरावा आणि मग थोडेथोडे करून आठ-दहा लहान मासे सोडावेत. आठवड्यातून एकदा एक बादलीभर पाणी काढून रात्रभर उघडे ठेवलेले तितकेच पाणी घालावे. स्पंज धुवायचा तो नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात. खाद्य इतकेच घालावे की दोन मिनिटांत संपेल. गोव्यात पाणी गरम ठेवायचे हीटर बहुधा लागतच नाही, आपली हवाच उष्ण कटिबंधातली आहे. आणि ज्यांच्या घरी जांभ्या दगडात खोदलेली विहीर अजून जिवंत आहे, त्यांच्याकडे तर अ‍ॅमेझॉनच्या माशांना आवडावे असे मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी फुकट आहे! एकच अडचण खास आपली. मिरगाचा पाऊस आला की वीज जाते. अशा वेळी ज्याच्या टाकीत मासे कमी आणि झाडे जास्त, त्याचे मासे तरतात. गर्दी करणाऱ्याचे सकाळी पोट वर करून तरंगताना दिसतात.

थोडक्यात, मासा पाळायचा म्हणजे पाणी पाळायचे. पाणी नीट राहिले की मासा आपोआप राहतो. हे एकदा कळले की काचेचा तो गोल वाडगा किती निर्दय वस्तू आहे हेही कळते. त्यात पाणी मुळात चार-पाच लिटर, तोंड अरुंद म्हणून हवा लागणारा पृष्ठभाग कमी, फिल्टरला जागा नाही. आणि त्यात आपण ठेवतो कोण? गोल्डफिश! चिनी लोकांनी हजार वर्षांपूर्वीपासून तळ्यांत निपजत आणलेला हा कार्पच्या कुळातला मासा. नीट जागा मिळाली तर साधा गोल्डफिश फूटभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. तो उष्ण कटिबंधातला नव्हे, थंड पाण्यातला जीव आहे. आपल्या वाडग्यात तो तीन महिने जगला तर आपण म्हणतो, बराच टिकला!

२०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यात वाडग्यात मासे ठेवण्याला मनाई होती. पण त्याच नियमांत शंभरावर जातींच्या विक्रीवर सरसकट बंदी घातलेली होती. व्यावसायिकांनी ओरड केली आणि त्याच वर्षी ते नियम मागे घेतले गेले. त्या यादीत बरेच काही अव्यवहार्य होते हे खरे, पण यादीबरोबर वाडग्याची बंदीही वाहून गेली याचे वाईट वाटते. निदान एवढे एक कलम तरी टिकायला हवे होते. अर्थात कायदा नसला म्हणून काय झाले? वाडगा भेट न देण्यासाठी सरकारी अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही.

इथे कुणीतरी हमखास विचारणार, 'रोज दुपारी हुमण-शीत खाणाऱ्या माणसाने माशाच्या हालअपेष्टांवर बोलावे का?' प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही. पण मासे खाण्याची आपली रीत पाहा. तिला एक शिस्त आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो. श्रावण, सोमवार, चतुर्थी… तोंडाला कुलूप लावायचे दिवस आपण स्वतःच ठरवले आहेत. खाण्याला आपण मर्यादा घातली, पण पाळण्याला मात्र काहीच मर्यादा नाही. कारण मासे पाळणे ही आपल्याकडे परंपरेने आलेली गोष्टच नव्हे. ती दुकानातून आली, आणि दुकानाने आपल्याला शिस्त काही दिली नाही.

परंपरेत एक मासा पाळणारा मात्र होऊन गेला, त्याची आठवण करून द्यायला हवी. मनू! शतपथ ब्राह्मणात ती कथा आहे. हात धुवायच्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवला मासा आला आणि म्हणाला, मला सांभाळ. मनूने त्याला घटात ठेवले. घट पुरेना तेव्हा खड्ड्यात ठेवले. खड्डाही पुरेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. पुढे प्रलयात त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. मत्स्यावताराची मूर्ती आपण देवळाच्या भिंतीवर पाहतो, हात जोडतो. पण त्या कथेतला साधा व्यवहार आपल्या लक्षात येत नाही. मासा वाढला की भांडे बदलायचे असते, आणि ते बदलणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी असते. माशाने आपले अंग वाडग्याला जुळवून घ्यावे अशी अपेक्षा मनूने केली नाही!

आता हे मासे येतात कुठून ते पाहू. निळ्या-लाल पट्ट्याचा तो झगमगता निऑन टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. शास्त्राला तो १९३६ साली ज्ञात झाला. आज आपल्या दुकानात येणारे बहुतेक निऑन आशियातल्या शेतांवर निपजवलेले असतात. जेमतेम दीड इंचाचा हा मासा एकटा राहूच शकत नाही, सहा-आठांचा थवा नसेल तर भेदरून कोपऱ्यात बसतो. गप्पी आला वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून. तो पिल्लांनाच जन्म देतो, म्हणून दोनाचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही. छोट्या बाटल्यांत वेगवेगळे कोंडून विकला जाणारा फायटर, म्हणजेच बेट्टा, थायलंडच्या भातशेतांतला आणि उथळ दलदलीतला. डोक्यातल्या एका खास अवयवाने तो हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून बाटलीत मरत नाही. पण मरत नाही म्हणजे सुखात जगतो असे कसे म्हणायचे? थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. आपण त्याला लोणच्याच्या बरणीत ठेवतो.

हे झाले बाहेरून आलेले पाहुणे. पण बाहेर गेलेल्या आपल्या मंडळींची गोष्ट अधिक रंजक आणि थोडी लाजिरवाणी आहे. अंगावर निळ्या-सोनेरी रेघा असलेला झेब्रा डॅनिओ हा मूळचा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ लिहिला, त्यात त्याची पहिली नोंद आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत गर्भाची वाढ, हृदयरोग, कर्करोग यांवरच्या संशोधनात हाच मासा वापरतात, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो आणि तो झपाट्याने वाढतो. त्याच्यातच चमकणारे जनुक घालून केलेला 'ग्लोफिश' अमेरिकेत २००३ पासून विकला जातो. आपल्या पाणथळ जागांतला आरपार दिसणारा काचमासा तर त्याहून दुर्दैवी. आग्नेय आशियातल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या पारदर्शक अंगात सुईने गुलाबी, हिरवे रंग टोचले आणि 'रंगीत काचमासा' म्हणून जगभर विकला. ज्याच्या अंगातून निसर्गाने मुद्दाम काहीच लपवले नाही, त्याच्यावर माणसाने रंग चढवला!

आणि खुद्द आपल्या सह्याद्रीचे काय? केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला बाजारात 'मिस केरळ' म्हणतात, परदेशी शौकिनांना १९९० च्या दशकात इतका आवडला की नद्यांतून तो उपसून काढला गेला आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २००५ ते २०१२ या काळातल्या निर्यातीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले, की भारतातून या वर्षांत तीस संकटग्रस्त जातींचे पंधरा लाखांहून अधिक गोडे मासे शोभेसाठी बाहेर गेले. त्यांत सह्याद्रीचा वाटा मोठा होता. आपल्या गोव्याचेही नाव या जगात आहे. गोवा आणि लगतच्या कर्नाटकातल्या ओढ्यांत राहणाऱ्या एका देखण्या छोट्या माशाचे वर्णन छापगर आणि साने या दोघांनी १९९२ साली केले. शास्त्रीय नाव पेथिया सेटनाई, शौकिनांच्या भाषेत इंडिगो बार्ब. हे नाव आपल्यातल्या कितीजणांनी ऐकले आहे? परदेशातला शौकीन ते नाव घेतो, त्याच्यासाठी टाकी सजवतो आणि ज्या व्हाळात तो मासा आहे त्याच्या काठी सहलीला जाऊन आपण प्लास्टिकच्या बाटल्या टाकून येतो.

व्हाळातल्या माशाने आपल्यावर काय उपकार केले हेही आपण विसरलो आहोत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पणजीत मलेरियाने उच्छाद मांडला होता. बांधकामांसाठी साठवलेल्या पाण्यात, विहिरींत आणि टाक्यांत अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्साय डास वाढत होता. तेव्हा मलेरिया संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी इथल्या डबक्यां-व्हाळांत राहणारा एक मासा कामाला लावला. अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी असे त्याचे भारदस्त नाव, पण आपण सगळ्यांनी तो लहानपणी पाहिलेला आहे. पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगणारा, वरून पाहिले की डोक्यावर चांदीचा टिकला चमकणारा, तो! जिवाणूंपासून केलेल्या डासनाशकाबरोबर या माशाची जोड देऊन गोव्यात प्रयोग झाले, ते १९९८ साली प्रसिद्धही झाले. आपल्या मातीतला मासा आपल्याच डासांच्या अळ्या खातो, त्यासाठी परदेशी पाहुणा आणावा लागत नाही, हा त्यातला साधा धडा.

परदेशी पाहुणे मात्र आपण आधीच आणून ठेवले होते. गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि गंबूसिया १९२८ साली डास मारण्यासाठीच भारतात आणले गेले. गंबूसिया डासांच्या अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी-पिल्ले आणि बेडकांची पिल्लेही खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. त्याला 'डासमासा' म्हणून सोडले, पण 'फक्त डास खा' हे त्याला कुणी सांगितले नव्हते!

आणि इथेच माझ्या लेखाचा खरा मुद्दा येतो. टाकीतल्या माशाचा कंटाळा आला, तो फार मोठा झाला, बदली झाली, मुले शिकायला पुण्या-बंगळूरला गेली… अशा वेळी आपण काय करतो? मारवत तर नाही. मग एका सकाळी तो पिशवीत घालून जवळच्या व्हाळात, तळ्यात, विहिरीत किंवा देवळाच्या तळीत सोडून येतो. वर समाधान असे की जिवाला मुक्त केले, पुण्य लागले! हे पुण्य नव्हे. सोडलेला मासा बहुधा मरतो, आणि मेला नाही तर त्याहून वाईट होते.

'टाकी साफ करणारा' म्हणून दुकानात दोन इंचाचा काळा सकर मासा विकतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो, अंगावर चिलखतासारखी कवचे असतात, त्याला इथे कुणी खात नाही आणि तो तळाशी बिळे करून अंडी घालतो. २०२० साली तो वाराणसीला गंगेत सापडला. महाराष्ट्रातल्या उजनी जलाशयात तो कोळ्यांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो. हा मासा दक्षिण अमेरिकेतून गंगेत पोहत आला नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातून आला. केरळात २०१८ च्या महापुरानंतर नद्यांत अ‍ॅमेझॉनचा अरापायमा आणि अमेरिकेचा मगरीच्या तोंडाचा अ‍ॅलिगेटर गार सापडले, तेही पाळणाऱ्यांच्या तळ्यांतून वाहून आलेले. एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात गार मिळाला. गोव्याच्या नद्या तर आखूड. सह्याद्रीत उगम पावून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात, आणि खालच्या भागात भरतीचे खारे पाणी आत शिरते. गोड्या पाण्याच्या माशांना राहायला उरतो तो सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा इकडचा वरचा चिंचोळा भाग. घर एवढेसे असताना त्यात परका दांडगट घुसवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मनूनेही मासा सोडलाच होता ना, असे कुणी म्हणेल. सोडला, पण तो मासा त्याच पाण्यातला होता. मनूने त्याला त्याच्या घरी पोचवले, दुसऱ्याच्या घरात घुसवले नाही!

मग करायचे काय? टाक्या फोडायच्या? मुळीच नाही. रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोस या ब्राझीलमधल्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत कार्डिनल टेट्रा पकडण्यावर होती. मासा जंगलातल्या पुराच्या पाण्यात वाढतो म्हणून त्या लोकांना जंगल राखावेसे वाटते. म्हणजे छंद नीट चालला तर नदी राखतो, बेबंद चालला तर 'मिस केरळ'चे झाले तसे होते. कुठला छंद चालवायचा हे आपल्या हातात आहे.

घरात टाकी ठेवणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच. वाडगा नको, घेऊ नका आणि कुणाला देऊही नका. पाणी पिकेपर्यंत महिनाभर थांबा, मुलांनाही थांबायला लावा. आजच्या मुलांना महिनाभर वाट पाहायला शिकवणारी दुसरी वस्तू घरात आहे तरी कुठे? फूटभर वाढणारा मासा दोन फुटांच्या टाकीसाठी आणू नका. आणि जो मासा नको झाला तो दुकानाला परत करा, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, शाळेच्या टाकीला द्या. पण व्हाळात, विहिरीत, तळीत तो जाता कामा नये. टाकीतले पाणी आणि पाणवनस्पतीसुद्धा गटारातून व्हाळात सोडू नका, ते झाडांच्या मुळाशी ओता. कुळागरातल्या माडाला त्याहून चांगले खत नाही!

शिक्षकांना आणखी एक सांगणे आहे. पाऊस पडायला लागला की चढणीचे मासे व्हाळातून शेतात चढतात. गावातला म्हातारा माणूस त्यांतला एकेक मासा नावाने ओळखतो. ती नावे त्याच्याबरोबर चालली आहेत. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता नोंदवही करायची तरतूद २००२ च्या कायद्याने झालेली आहे. तिच्यात झाडांची, औषधी मुळ्यांची पाने भरतात, पण माशांचे पान बहुधा रिकामेच राहते. मुलांना त्या म्हाताऱ्याकडे पाठवा. नाव, कुठे दिसतो, केव्हा चढतो, केव्हा दिसेनासा झाला, एवढे लिहून आणू द्या. शाळेत टाकी असेलच, तर तिच्यात एकदा चार चांदीच्या टिकल्याचे मासे ठेवून बघा. डासांच्या अळ्यांची वाटी त्यांच्यासमोर ठेवली की विज्ञानाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

निऑन टेट्रा सुंदरच आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ज्या मुलाला काचेतल्या पाण्याची काळजी घ्यायची सवय लागली, त्याला घरामागचा व्हाळ गढूळ झालेला सहन होऊ नये, एवढी तरी अपेक्षा आपण या छंदाकडून ठेवायला हवी. टाकीतले पाणी दर आठवड्याला आपण बदलू शकतो. व्हाळातले पाणी कुणालाच बदलून मिळणार नाही.